लोखंडाला टाके

बागवाल्यांचा ट्रॅक्टर सकाळीच नेऊन द्यायचा होता, आणि त्याच्या स्टिअरिंगला मधमाश्यांचा घोस लटकला होता. चांगला कलिंगडाएवढा. आदल्या संध्याकाळी नटीने नवा क्लच बसवून, ग्रीस भरून, बॉनेट पुसून गाडी शेडच्या दारात लावली होती. आणि आता तिच्याआधी हजारो जणी येऊन बसल्या होत्या.

नटी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती शेडमध्ये रांगत फिरायची आणि सापडेल तो नट तोंडात घालायची, म्हणून वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते ठेवलं आणि ते तिला घट्ट बसलं. पुढे ती मोठी झाली. अंगात अण्णांचा ढगळ शर्ट, केसांना बांधलेली चिंधी, नखांत काळं तेल. आत्या म्हणायची, "नाव नटी, आणि जन्मात कधी नटली नाही."

घराच्या मागच्या अंगणावर पत्रे टाकून केलेलं ते शेड. तिथे जुने ट्रॅक्टर यायचे, पेरणीची यंत्रं यायची, खोकणारे पंप यायचे. नव्या गाड्या शोरूमला जात. जिला कुणी वाली नाही ती गाडी इथे येई. अण्णांचा उजवा खांदा धरल्यापासून पाना नटीच्या हातात आला होता. अण्णा एका जुन्या ट्रॅक्टरच्या सीटला पाय जोडून केलेल्या खुर्चीवर बसत आणि आवाजावरून चुका काढत. इंजिनं नटी उघडायची, नटीच बांधायची. तरी गिऱ्हाईक दारात आलं की तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारायचं, "वडील आहेत का?" या विचारणाऱ्यांत बागवाले पहिल्या नंबरचे.

"पाणी मारू का त्यांच्यावर?" आत्याने खिडकीच्या फटीतून विचारलं.

"तू पाणी मारशील आणि त्या मला मारतील," नटी म्हणाली.

अण्णा खुर्चीतून म्हणाले, "यांच्याच बागेच्या बांधालगत सूर्यफुलात एकजण मधाच्या पेट्या घेऊन आलाय. त्याला निरोप धाड."

तो सायकलवरून आला. मागे रिकामी लाकडी पेटी बांधलेली. नटीला वाटलं होतं, जाळीबिळी घातलेला कुणीतरी जाडजूड माणूस येईल. हा उंच, सडसडीत, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. घरात कुणीतरी झोपलंय आणि त्याला उठवायचं नाही, असं त्याचं चालणं. त्याने आधी माश्यांकडे पाहिलं, मग ट्रॅक्टरकडे, आणि मग... नटीकडे.

"केव्हापासून आहेत?"

"मी उठायच्या आधीपासून. तुम्हीच ना ते माशीवाले?"

"मधमाशीवाला. नुसतं माशीवाला म्हटलं की मिठाईच्या दुकानात वारा घालणारा वाटतो."

नटीने ओठ दाबून धरले. "चावणार नाहीत?"

"आत्ता नाही. जुनं घर सोडताना त्या पोटभर मध पिऊन निघतात. भरल्या पोटी भांडायला कुणाला जोर असतो?"

"आमच्या आत्याला असतो."

"मला ऐकू येतंय," खिडकीतून आवाज आला.

त्याने पेटीचं झाकण काढून ती सीटवर, घोसाच्या बरोबर खाली ठेवली. "आता स्टिअरिंगला एक झटका द्यायचा. गाडी तुमची, तुम्ही द्या."

"मी?"

"सावकाश हात ठेवा. श्वास सोडा... आता."

नटीने तळव्याने स्टिअरिंगवर फटका मारला. सगळा घोस मऊ धप्पकन पेटीत पडला. हवेत नुसती गुणगुण उठली आणि तिच्या मनगटावर एक माशी येऊन बसली.

"हलू नका," तो हळूच म्हणाला. "ती तुमच्या हातावरचं ग्रीस बघतेय."

"मग?"

"आवडलेलं दिसतंय."

बोलला तो माशीबद्दलच. पण बघत होता तो भलतीकडेच, आणि नटीचे कान उगाचच गरम झाले.

पेटी बंद करून सायकलला बांधताना तो थांबला. त्याच्या पेट्या फुलांमागे फिरत. एकीकडचा बहर संपला की दुसरीकडे. आणि दर वेळी भाड्याच्या गाडीसाठी हातापाया पडायचं. त्याच्या मामांचा एक जुना ट्रॅक्टर होता. मामा गेले, तो गोठ्यात धूळ खात पडला होता. ज्याला दाखवला तो म्हणाला भंगारात घाल.

"तुम्ही बघाल का एकदा?" त्याने विचारलं.

तुम्ही. तुमचे वडील नव्हे. नटीने पाना उगाचच या हातातून त्या हातात घेतला. "घेऊन या," ती म्हणाली. "बघायला काय जातंय."

चार दिवसांनी दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून त्याने तो ओढत आणला. रंग धुळीखाली बुडालेला, सीटखाली उंदराने संसार थाटलेला, पण अंगाने दणकट. दोनच सिलिंडर, पुढे हँडल मारून चालू करायची जात. नटीने बॉनेटवरून हात फिरवला, तसा धुळीखालून मूळचा हिरवा रंग डोकावला.

अण्णा खुर्चीतून उठले. इंजिनच्या डाव्या बाजूला वाकून त्यांनी एकदा पाहिलं, आणि तडक घरात निघून गेले.

"माझं काही चुकलं का?" मधवाल्याने विचारलं.

"माहीत नाही," नटी म्हणाली. पण काहीतरी होतं खास.

ते आत्याने सांगितलं, भाकरी थापता थापता नव्हे, तर भांडी विसळताना, पाण्याच्या आवाजाखाली. मामा आणि अण्णा जिवाचे दोस्त. एका कडाक्याच्या थंडीत मामा इंजिनमधलं पाणी काढून ठेवायला विसरले. पाण्याचा बर्फ झाला आणि ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या अंगालाच, भेग पडली. अण्णांनी तिला वेल्डिंग केलं. लोखंड तापलं, निवलं, आणि भेग वीतभर पुढे धावली. पुन्हा केलं, पुन्हा धावली. शेवटी अण्णांनी ट्रॅक्टर परत पाठवला, हा आता उठणार नाही म्हणून. मामा चिडून वाट्टेल ते बोलले, अण्णाही बोलले. तिथून दोघांनी एकमेकांच्या घराची पायरी चढली नाही, ती मामा जाईपर्यंत.

"तुझ्या अण्णांच्या हाताखालून सगळ्या गाड्या उठून गेल्या," आत्या म्हणाली. "एवढी एक सोडून. तू तिच्या नादी लागू नकोस."

नटीला असं म्हणणं म्हणजे तिच्या हातात पाना देणं. दुसऱ्या दिवशी तिने इंजिन उघडायला घेतलं.

भेग तिने घासून उघडी केली. जुन्या वेल्डिंगच्या वळ्यांखालून ती सापासारखी गेली होती. इथे आग चालणार नाही, हे अण्णांनी स्वतःच्या हाताने सिद्ध करून ठेवलं होतं. मग आगीशिवाय? मोबाईलवर कुणा म्हाताऱ्या कारागिराचं काम नटीने पाहिलं होतं. तो भेगेला टाके घालायचा. भेगेवर छिद्र पाडायचं, त्यात आटे काढायचे, आट्यांची पिन पिळून घट्ट बसवायची आणि वरचं डोकं छाटायचं. पुढचं छिद्र असं पाडायचं की आधीच्या पिनेचा थोडा काठ खाल्ला पाहिजे. एकीत एक अडकत साखळी तयार होते. नटीने एका फुटक्या पंपावर हात बसवला. पहिला टाका फसला, दुसरा फसला, मग जमू लागला.

मधवाला सकाळी पेट्या बघून दुपारी यायचा. "काही मदत?" म्हणायचा, आणि मदतीच्या नावाखाली बॅटरी धरून उभा राहायचा.

"उजेड इंजिनवर पाडा," नटी खाली वाकूनच म्हणायची.

"इंजिनवरच आहे."

"माझ्या कानावर आहे."

"कानामागे तेल लागलंय. मला वाटलं, तिथेही काही गळतंय का बघावं..."

"गळत असेल तर मी बघीन."

"तुम्हाला कसं दिसणार?"

नटीने खांद्याने कान पुसला आणि तेल आणखी पसरवून घेतलं.

कधी तो मधाची छोटी बाटली आणायचा, आत्यासाठी म्हणून. आत्या ती घेताना नाक मुरडायची आणि घेतल्यावर कपाटात वरच्या फळीवर ठेवायची. कधी तो पिस्टन धूत बसायचा. ते मात्र त्याला छान यायचं. कुठलीही वस्तू तो जिवंत असल्यासारखी उचलायचा. नटी सगळ्या कामावर झडप घालणारी; नट अडला की चार शिव्या हासडणारी. एकदा तिने अडलेल्या बोल्टवर पान्याचा घाव घातला, तर तो म्हणाला, "त्याला थोडं डिझेल पाजून ठेवा. उद्या आपणहून येईल."

"बोल्टही तुमच्या माशी जातीतला का?"

"घाई केली की सगळेच चावतात."

दुसऱ्या दिवशी बोल्ट खरंच अलगद निघाला. नटीने ते त्याला सांगितलं नाही. पण बोल्ट फडताळावर तिच्या समोरच उभा करून ठेवला.

अण्णा तोवर शेडमध्ये फिरकले नव्हते. खांदा दुखतो म्हणायचे. एका दुपारी पाऊस आला, हिवाळ्यातला बारीक, चुकार पाऊस. पत्र्यावर तो इतका हलका वाजत होता की ड्रिल थांबलं की मगच ऐकू यायचा. नटी भेगेच्या मधोमध ड्रिल टेकवत होती. मधवाला बॅटरी धरून होता. मागून आवाज आला,

"टोकं आधी बांध."

अण्णा दारात उभे. केसांवर पावसाचे थेंब.

"भेग टोकानं पळते. आधी दोन्ही टोकांना छिद्र पाड, पिन बसव. तिची वाट बंद झाली की मग मधे काय हवं ते कर." ते जवळ आले, खाली वाकले, आणि डाव्या हाताचा अंगठा त्यांनी भेगेवरून फिरवला. दुखऱ्या जागी फिरवावा तसा. "मी तेव्हा टोकं मोकळी सोडली होती."

"बसा ना," नटी म्हणाली.

मधवाल्याने त्यांची खुर्ची ओढून इंजिनजवळ आणली. अण्णा बसले. त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "मामासारखा उंच झालास. बॅटरी मात्र सरळ धर, तिच्या तोंडावर कशाला पाडतोस?"

पुढचे दिवस तिघांचे गेले. टाके पुरे झाले, तेव्हा भेगेच्या जागी लोखंडी मण्यांची माळ दिसत होती. नटीने ती हातोडीने ठोकली, कानशीने सपाट केली. मग ब्लॉकमध्ये पाणी भरलं आणि तिघं टक लावून बसले, भेगेला घाम फुटतो का बघत. पाणी पाझरलं नाही. संध्याकाळपर्यंत नाही, दुसऱ्या सकाळी नाही.

इंजिन बांधून झाल्यावर नटीने हँडल लावलं. मधवाला छोटी दांडी उचलून धरून उभा राहिला; ती वर असेतो इंजिनमध्ये दाब धरत नाही आणि हँडल हलकं फिरतं. तिने हँडल फिरवलं, एकदा, दोनदा, वेग धरला, "सोडा" म्हणाली, त्याने दांडी खाली टाकली. इंजिन एकदा शिंकलं आणि गप्प. पुन्हा. पुन्हा गप्प. तिच्या कपाळावरून घाम ओघळला. आत्या जिन्यात येऊन उभी होती. चौथ्यांदा इंजिनने काळा लोट सोडला, अडखळलं, आणि... धरलं. धग धग धग धग. फडताळावरचे डबे थरथरले, उंदराचं घरटं सीटखालून सांडलं, आत्याने पदर नाकाला लावला. अण्णा खुर्चीत डोळे मिटून ऐकत होते.

मधवाला नटीकडे बघून काहीतरी म्हणाला. आवाजात काही ऐकू आलं नाही.

"काय?" ती ओरडली.

त्याने मान हलवली. काही नाही. पण ते काही नाही असं नव्हतं, हे तिला दिसलं.

गाडी अजून अंगणाबाहेर गेली नव्हती, भार ओढला नव्हता, आणि तेवढ्यात बागवाले आले. बागेवर अचानक कीड पडली होती. फवारणीवाली टोळी मिळाली होती, उद्या पहाटे येणार होती.

"तुझ्या पेट्या बागेच्या बांधालगत आहेत," ते मधवाल्याला म्हणाले. "औषध जालीम आहे. मी आधी सांगायला आलो, पण थांबवू नाही शकत. बाग जाईल माझी."

मधवाल्याचा चेहरा उतरला. माश्या दिवसभर बाहेर असतात. अंधारून आल्यावर पेटीत परततात. म्हणजे पेट्या आज दिवेलागणीलाच बंद करून हलवायच्या होत्या, कालव्याचा चढ ओलांडून पलीकडच्या रानात. त्याने भाड्याच्या गाडीला फोन केला. ती लांब गेलेली. आसपासचे सगळे ट्रॅक्टर कापणीत जुंपलेले, आभाळ भरून आलेलं, कुणी आपली गाडी सोडेना. तो एकेक फोन ठेवत गेला.

"हा आहे ना," नटी म्हणाली.

सगळ्यांनी हिरव्या ट्रॅक्टरकडे पाहिलं.

"त्याने अजून अंगणाबाहेर पाऊलही टाकलेलं नाही," बागवाले म्हणाले. "अण्णा, तुम्हीच सांगा हिला."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. "नटे, भार घेईल?"

टाका सुटला तर इंजिन जाईल, ट्रॅक्टर जाईल, वर चढावर ट्रॉलीसकट माणसंही मागे येतील. तिने त्या लोखंडी माळेवर हात ठेवला. प्रत्येक मणी तिच्या हाताखालून गेला होता.

"घेईल."

"मग मी पण येतो," अण्णा म्हणाले.

दिवस मावळता मावळता पेट्यांची दारं बंद झाली. ट्रॉली शिगोशीग भरली. आतून येणारी गुणगुण लाकडातून हाताला जाणवत होती. नटी स्टिअरिंगवर, अण्णा डाव्या मडगार्डवर, मधवाला मागे ट्रॉलीत पेट्या धरून. सपाट रस्ता ट्रॅक्टरने मजेत काढला. मग कालव्याचा चढ आला. सकाळच्या पावसाने माती सैल झालेली.

अर्ध्यावर इंजिनचा आवाज जड झाला. मागचं चाक जागीच फिरलं, चिखल उडाला, आणि ट्रॉली इंचभर मागे सरकली. मग आणखी इंचभर.

"उतर, चाकामागे दगड लाव," नटी ओरडली. "पळ!"

आणि तो पळाला. कधी पाऊल न वाजवणारा माणूस चिखलातून धडधडत पळाला, कालव्याच्या काठचा धोंडा छातीशी उचलून आणला आणि चाकामागे टाकला. ट्रॉली थांबली. नटीने सगळ्यात हलका गिअर टाकला. तिच्या अंगातली घाई सांगत होती, दाब, जोरात दाब. तिने दाबला नाही. इंजिनला श्वास घेऊ दिला, आवाज एका लयीत येऊ दिला, आणि मग क्लच केसाकेसाने सोडला. अण्णांनी वाकून ब्लॉकवर तळवा ठेवला.

"कोरडी आहे," ते म्हणाले. मग मोठ्याने, जणू सगळ्या शिवाराला सांगायचं होतं, "कोरडी आहे, चल."

मागच्या चाकाने माती धरली. ट्रॅक्टर पुढे सरला. हातभर, मग दोन हात, मग कुरकुरत, धूर ओकत, तो चढाच्या माथ्यावर पोचला. आभाळाच्या कडेला अजून तांबूस उजेड होता. अण्णा ब्लॉकवरचा हात काढायलाच तयार नव्हते.

"मी मामाला म्हटलं होतं, हा उठणार नाही," ते स्वतःशीच म्हणाले. "चुकलो होतो. बरं झालं चुकलो."

रानात पेट्या मांडून झाल्या. अण्णा पुढे जाऊन दगडावर टेकले. मधवाला चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेला, धापा टाकत नटीजवळ येऊन उभा राहिला.

"मघाशी तुम्ही मला तू म्हणालात."

"इंजिन ओरडत होतं. घाईत तुम्ही बसत नव्हतं."

"मी तक्रार नाही केली."

"मग?"

"सांगितलं फक्त... कानाला बरं वाटलं म्हणून."

नटीने हेडलाइट पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

पुढच्या आठवड्यात बागवाले शेडच्या दारात आले. पंप बंद पडला होता. अण्णा समोरच बसले होते, तरी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मुलगी आहे का?" अण्णा इतके खूष झाले की त्यांनी बागवाल्यांना दोनदा चहा पाजला.

आणि मधवाला? त्याच्या ट्रॅक्टरच्या तक्रारी सुरू झाल्या. एकदा ब्रेक जड वाटतो. एकदा डिझेलचा वास येतो. एकदा सीट हलते. नटी सगळं तपासायची, काही सापडायचं नाही. तो "बरं, बरं" म्हणत बराच वेळ उभा राहायचा आणि जायचा. त्या दिवशी तो आला, ट्रॅक्टर अंगणात लावला, उतरला आणि म्हणाला, "डावीकडून एक आवाज येतोय."

नटी वाकली. "कसला?"

"म्हणजे... धडधड."

"सारखी?"

"हो. आत्ताही येतेय."

खुर्चीतून अण्णा म्हणाले, "इंजिन बंद आहे."

अण्णा गुडघ्यांवर हात टेकत उठले. "चहा झाला वाटतं."

"मी कुठे ठेवलाय चहा?" स्वयंपाकघरातून आत्या म्हणाली.

"मग ठेव," अण्णा म्हणाले आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

नटीने चिंधीने एकेक बोट पुसलं. "खरं सांगा. काय बिघडलंय?"

"ट्रॅक्टर ठणठणीत आहे." तो पायाने अंगणातली माती सारखी करत होता. "इकडचा बहर संपलाय. दोन दिवसांच्या वाटेवर टेकड्यांत फुलं लागलीत. मला आत्तापर्यंत निघायला हवं होतं. निघताना मला नेहमी बरं वाटतं... यावेळी पेट्यांना दोर बांधायला हातच होत नाही."

"मग नका बांधू."

"माश्या उपाशी राहतील."

"मग बांध," नटी म्हणाली. तिचं काळीज इतकं वाजत होतं की डावीकडचा आवाज तिलाही ऐकू आला. "जा, आणि बहर संपला की परत ये. इथे. दर वेळी."

तो बघतच राहिला. "आता इंजिन ओरडत नाहीये."

"नाही ओरडत."

"घाईही नाही."

"नाही. मुद्दाम म्हटलंय, तू. पुन्हा म्हणू?"

"म्हण," तो म्हणाला, आणि त्याचाही तू तिथेच, त्याच शब्दात येऊन गेला.

"पण ऐक," नटीने बोट वर केलं. बोटावर तेल होतंच. "शेड मी सोडणार नाही. कुणासाठीही नाही."

"मी कधी म्हटलं सोड? पोळ्यात राणी घरीच असते. भटकतो ते आम्ही."

"राणीबिणी म्हणू नकोस. मला कामं आहेत."

"कामं आहेतच. म्हणून तर..." त्याने तिचं ते वर केलेलं बोट अलगद धरलं, मनगटावरची माशी उचलावी तसं. "त्या दिवशी इंजिन चालू झालं, तेव्हा मी काहीतरी म्हटलं होतं. तुला ऐकू आलं नाही."

"काय म्हटलं होतंस?"

"हिच्याशी लग्न करायला मिळालं तर काय बहार येईल, असं."

"माझ्याकडे बघून म्हणालास, आणि हिच्याशी?"

"धीर झाला नाही तुझ्याशी म्हणायचा. आता झालाय."

नटी हसली. ती अशी हसली की दाराआड चहा न ठेवता उभ्या असलेल्या आत्याने कपाळाला हात लावला आणि अण्णांना म्हणाली, "झालं. आता घरात माश्या येणार."

"येऊ देत," अण्णा म्हणाले. "मामाचा भाचा आहे. दार उघड."

बोलणी त्याच संध्याकाळी अंगणात झाली. लग्न पुढच्या बहरानंतर. शेडच्या मागे कुंपणालगत पेट्यांना कायमची जागा. तो फुलांमागे जाईल, फुलं नसतील तेव्हा इथे राहील, आणि नटीचा पाना नटीच्याच हातात राहील. आत्याने एकच अट घातली, की तिच्या वाळवणाच्या दोरीजवळ पेट्या ठेवायच्या नाहीत. ती मान्य झाली.

टेकड्यांवर निघायच्या पहाटे अण्णांनी ट्रॅक्टरला फेरी मारली, तेल पाहिलं, पाणी पाहिलं आणि नटीला म्हणाले, "लांबचा पल्ला आहे. टाके ज्याने घातले त्यानेच सोबत जावं. तू चालव."

"दोघांना एकटं पाठवायचं?" आत्या म्हणाली, आणि कुणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच डोक्यावरून माश्यांची जाळी ओढून, हातात पायमोजे चढवून, उशी घेऊन ट्रॉलीत पेट्यांच्या मधोमध जाऊन बसली. मधवाल्याने तिला हातमोजे देऊ केले. तिने ते पायात घालता येतात का बघितलं.

उजाडलं तेव्हा ते मोठ्या रस्त्याला लागले होते. हिरवा ट्रॅक्टर आपल्या चालीने, धग धग धग धग, ना कमी ना जास्त. मडगार्डवर बसलेला मधवाला थंडीने लाल झालेली बोटं इंजिनच्या उबेवर धरत होता. मागे एक चकचकीत गाडी आली, हॉर्न वाजवू लागली. तिच्यामागे दुसरी आली. ट्रॉलीतून आत्या जाळीआडून त्यांना हाताने थांबा, थांबा करत होती, आतमध्ये माश्या आहेत, हे खुणेने सांगत होती, आणि तेवढ्याने त्या गाड्या बऱ्याच मागे राहिल्या.

"बाजू देऊया का त्यांना?" मधवाल्याने विचारलं.

पुढे रस्ता वळणं घेत टेकड्यांत चढत होता, आणि चढांवर कुठे कुठे पिवळं दिसायला लागलं होतं. नटीने गिअर बदलला, त्याचा गारठलेला हात ओढून स्टिअरिंगवर आपल्या हाताशेजारी ठेवला.

"देऊ," ती म्हणाली. "वर पोचल्यावर."